पिंपळपानाचं निमंत्रण

“नंदा, आधी कोपऱ्याला कोपरा लाव, मग घडी घाल. आणि घडी घालताना बोलू नकोस.”

महापालिकेच्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या बाईंचा हा आवाज नंदाताई रणपिसे यांच्या कानात अजून जसाच्या तसा होता. त्यातला घडीचा भाग त्या केव्हाच विसरल्या होत्या. न बोलण्याचा मात्र त्यांनी जन्मभर पाळला. विमा कंपनीत होत्या तेव्हा त्यांच्या टेबलासमोर आलेला माणूस आधी स्वतःचा कान झटकून बघायचा. त्यातून त्यांचा नेम असा, की रोज सकाळी आंघोळ झाली की बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील घ्यायचं, आणि घेतलं की दिवसभर पाळायचं. आता हिंसा, चोरी, मद्य वगैरेंचा नारायण पेठेतल्या निवृत्त बाईला फारसा मोह नसतो. पण खोटं बोलणार नाही, हे चौथं शील फार जाचक आहे. शेजारणीने “कशी झालीय खिचडी?” म्हणून विचारलं तर काय करायचं? नंदाताई अशा वेळी वाटीचं कौतुक करत. वाटी खरोखरच चांगली असायची.

तर या नंदाताईंनी यंदाच्या बुद्धपौर्णिमेला बिल्डिंगमधल्या सगळ्यांना गच्चीवर खिरीला बोलवायचं ठरवलं.

यात ठरवण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. त्याचं असं आहे. रणपिसे कुटुंब या इमारतीत, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, येऊन तीन वर्षं झाली होती. शेजार अतिशय चांगला. जिन्यात भेटला की हसणारा, गणपतीत आरतीला बोलावणारा, दिवाळीत फराळाचं ताट पाठवणारा. फक्त रणपिशांच्या घरी कोणी काही खात नसे. “आत्ताच चहा झाला.” “डॉक्टरांनी गोड बंद केलंय.” “आज नेमका उपास आहे हो.” या तीन वर्षांत नंदाताईंना असे असे उपास समजले, की पंचांग छापणाऱ्यांनी येऊन टिपून घ्यावेत. गेल्या पौर्णिमेला त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निमंत्रण टाकलं होतं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि आल्या त्या एकट्या समोरच्या दारातल्या नसीमबानू तांबोळी. उरलेलं पातेलं दुसऱ्या दिवशी मुलाच्या, अभयच्या, खराडीच्या ऑफिसात गेलं. पण ते भरलेलं पातेलं जिन्यावरून उतरवताना हाताला लागलेला भार काही केल्या उतरेना.

“आई, या वेळी कार्ड हाताने बनवा,” सून पूर्वाने फोनवर सांगितलं. “हँडमेड म्हटलं ना, की लोकांना नाही म्हणताना गिल्टी वाटतं. मी व्हिडिओ पाठवते.”

व्हिडिओत एक मुलगी गाणं गुणगुणत कागद कापत होती. शेवटी कार्ड उघडलं की आतून एक पान टुणकन उभं राहायचं. साऱ्या खटाटोपात तिच्या बोटाला एकदाही डिंक लागला नाही, यावरूनच खरं तर संशय यायला हवा होता.

सामान आणायला नंदाताई आणि रामदासराव बोहरी आळीत गेले. रामदासराव पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही अडचण ही मुळात प्रेशरची अडचण असते, असं त्यांचं ठाम मत. दुकानदार पेपर वाचत होते.

“पिंपळपानाचा पंच आहे का?” नंदाताईंनी विचारलं.

“काय?”

त्यांनी पुन्हा विचारलं.

“बाई, मोठ्याने बोलायचे आमच्याकडे वेगळे पैसे पडत नाहीत.”

रामदासरावांनी तोच प्रश्न खात्याच्या आवाजात विचारला. दुकानदारांनी एक पंच काढून कागदावर दाबला. खाली लालभडक बदाम पडला.

“हा तर बदाम आहे,” रामदासराव म्हणाले. “या वयात आम्ही शेजाऱ्यांना बदाम वाटायचे?”

“देठ लावा, खाली टोक ओढा, पिंपळ झाला.”

“अहो, बुद्धपौर्णिमेसाठी हवंय.”

“मग शांतपणे लावा.” आणि दुकानदार पुन्हा पेपरात गेले.

गच्चीसाठी सोसायटीचे सेक्रेटरी अनिरुद्ध आगाशे यांची परवानगी लागायची. आगाशे पहिल्या मजल्यावर राहत. त्यांचं आणि रामदासरावांचं गच्चीवरच्या टाकीच्या व्हॉल्व्हवरून गेली तीन वर्षं वाजत होतं. व्हॉल्व्ह उलटा बसवलाय, असं रामदासरावांचं म्हणणं. माणूस उलटा बसलाय, असं आगाशांचं.

“कार्यक्रमाचं स्वरूप काय?” आगाशांनी विचारलं.

“खीर,” नंदाताई म्हणाल्या.

“खिळे ठोकायचे नाहीत. मोठ्याने बोलायचं नाही.”

“मी मोठ्याने बोलत नाही.”

“तुम्ही नाही हो वहिनी. पण तुमच्याकडची माणसं येणार.”

“बिल्डिंगचीच माणसं बोलावणार आहे,” नंदाताई म्हणाल्या. यावर आगाशांनी चष्मा काढून पुसला आणि बघू, विचार करून सांगतो, म्हणाले.

मग कार्डांचं काम सुरू झालं. धम्मध्वजाच्या पाच रंगांत पानं करायची, म्हणून घोटीव कागद आणला होता. बाजारचा डिंक नको, घरची खळ बरी, म्हणून नंदाताईंनी मैद्याची खळ शिजवली. ती जरा पातळ झाली आणि रंगीत कागदांनी सगळे रंग सोडून दिले. निळा पिवळ्यात, लाल केशरीत, आणि सगळे मिळून नंदाताईंच्या बोटांत. टेबलावर सुकत पडलेली कार्डं कुठल्या तरी चौकशी समितीपुढे मांडावीत अशी दिसत होती.

“सोडून दे रंग,” रामदासराव म्हणाले. “पांढरं कर. पांढरं कसं, सात्त्विक.”

नंदाताईंना ते पटलं. पौर्णिमेला त्या स्वतः पांढरीच साडी नेसत. पांढरी कार्डशीट आली. कडेला खळीचे डाग पडले, ते झाकायला रामदासरावांनी पट्टी धरून चहूबाजूंनी काळी रेघ ओढली. कार्ड मिटलं की पानाचा देठ वरच्या कोपऱ्यातून बाहेर यायचा. रामदासरावांनी कात्री मागितली. “त्याला वाट करून द्यायची. प्रेशर निघून जातं.” आणि त्यांनी एकूण एक कार्डाचा वरचा कोपरा छाटून टाकला. देठाला वाट मिळाली.

मजकूरही त्यांचाच. आयुष्यभर पालिकेची पत्रं लिहिलेला माणूस. वर त्यांनी स्वतः रचलेल्या दोन ओळी घातल्या:

‘पान पिकते, पान गळते,
कोणासाठी कोण थांबते!’

खाली, ‘कळविण्यात येते की, शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता सर्वांनी गच्चीवर जमावे. रणपिसे परिवार.’ एवढ्यात जागा संपली. ‘बुद्धपौर्णिमेनिमित्त खीर’ हे शब्द मग पानावर लिहिले. कार्ड उघडलं की पान उभं राहणार, लोक आधी तेच वाचणार. योजना अशी होती.

“कशा झाल्यात ओळी?” रामदासरावांनी विचारलं.

नंदाताईंनी त्या दिवशी सकाळीच पंचशील घेतलं होतं. त्यांनी कार्ड उजेडाला धरून पाहिलं.

“अक्षर फार सुरेख आलंय,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे वाटी चांगली आहे!” रामदासराव कडाडले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ही खोड माहीत नसेल असं थोडंच आहे! “मी अभयकडे जातो. तिथे माझ्या लेखणीची कदर आहे.” अभयने वडिलांची लेखणी शेवटची पाहिली ती दहावीच्या अर्जावर. पण रामदासराव पिशवी भरून, जिन्यात भेटेल त्याला सांगत, खराडीला गेले, आणि आपला राग नीट पोचावा म्हणून फोन बंद करून ठेवला.

नंदाताई वैशाख पौर्णिमेच्या आठवड्यात दुपारी बारापर्यंत मौन पाळत. पण लोक घरी सापडतात ते सकाळीच. तेव्हा गुरुवारी सकाळी त्या पांढरी साडी नेसून, हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन, एकट्याच जिना उतरल्या.

पहिलं दार आगाशांचं. त्यांनी कार्ड हातात घेतलं. कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. उघडलं. एव्हाना मे महिन्याच्या तोंडावरच्या उन्हाने खळ कडकडीत वाळली होती. पान उभं वगैरे राहिलं नाही. ते सुटून गिरक्या घेत खाली पडलं आणि कठड्याच्या फटीतून जिन्याखाली गेलं; नंदाताईंचं लक्ष आगाशांच्या चेहऱ्याकडे होतं. आगाशांनी वरच्या दोन ओळी वाचल्या. मग नंदाताईंकडे पाहिलं. चष्मा काढला.

“अरेरे,” ते म्हणाले. “कधी?”

नंदाताईंनी कार्डावरच्या ‘शुक्रवारी’वर बोट ठेवलं.

“हो, ते वाचलं. म्हणजे... खराडीलाच?”

रामदासराव कुठे आहेत म्हणून विचारत असतील. नंदाताईंनी मान हलवली. आगाशांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “वहिनी, गच्चीचं काहीही मनावर घेऊ नका. हवा तेवढा वेळ वापरा. खिळे ठोकायचे तर ठोका.”

नंदाताई चकित झाल्या. हँडमेडचा एवढा परिणाम होईल असं पूर्वालाही वाटलं नसेल.

दुसऱ्या मजल्यावर विभावरी पेंडसे. घरात कडक सोवळ्याच्या सासूबाई, त्यामुळे बाहेरच्या कोणाकडे विभावरीताई पाण्याचा घोटही घेत नसत. त्यांनी कार्ड पाहिलं मात्र, एकदम नंदाताईंना मिठीच मारली आणि त्यांच्या खांद्यावर रडू लागल्या. बारा वाजले नव्हते. नंदाताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बुद्धपौर्णिमेच्या निमंत्रणाने बाईला रडू का यावं, हे त्यांना समजेना. पण करुणा ही अशीच कुठूनही उगवते, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

तिसऱ्या मजल्यावर नसीमबानूंनी कार्ड घेतलं, पडलेलं पान उचललं, “बहोत सुंदर, नंदाताई. खीर हलवायला येते मी,” म्हणाल्या आणि आत गेल्या. सकाळपासून भेटलेलं हे एवढंच माणूस नंदाताईंना समजलं.

थोड्या वेळाने खाली बोर्डावर आगाशांच्या अक्षरात सूचना लागली: ‘शुक्रवारी गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. जिन्यात हसू नये. कारण विचारू नये.’

बाराच्या ठोक्याला बेल वाजली. विभावरीताई पिठलं-भाताचं भलंमोठं पातेलं घेऊन उभ्या. मौन सुटलं होतं, पण बोलायला फट कुठे मिळते!

“गॅस पेटवायचा नाही. उद्यापर्यंत आमच्याकडून येईल सगळं. तुम्ही नुसत्या बसा.”

“अहो, पण मला खिरीची तयारी...”

“खिरीचं बघू आपण. तुम्ही चार घास खा आधी.” बोलता बोलता त्यांनी नंदाताईंचा हात हातात घेतला. “आणि हे बघा, यापुढे रोज संध्याकाळी पाच वाजता मी वर येणार, आपण दोघी चहा घेणार. एकटीला बसू देणार नाही मी तुम्हाला. हा माझा शब्द.”

चहा! पेंडसे वहिनी! रणपिशांच्या घरात! नंदाताईंनी का, कशासाठी, काही विचारलं नाही. इतक्या वर्षांनी असं दान पदरात पडलं, की माणूस पदर चाचपून बघत नाही.

संध्याकाळी आगाशे आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

“फार मोठा माणूस होता,” ते म्हणाले.

नंदाताईंचे डोळे बुद्धमूर्तीकडे गेले. “खरंच,” त्या हळूच म्हणाल्या.

“घरदार सोडून गेले.”

“राजवाडा सोडून,” नंदाताई म्हणाल्या.

आगाशांनी एकदा त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटकडे पाहिलं; दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी त्यांनी समजूत घालून घेतली असावी. “आणि पाण्याचा तो वाद. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.”

नंदाताईंना भरून आलं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, तेव्हा युद्ध नको म्हणून सिद्धार्थ उभा राहिला आणि त्यापायी त्याने घर सोडलं, ही कथा आगाशांना माहीत असेल असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. “तुम्ही एवढा अभ्यास केलाय, मला ठाऊक नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“अभ्यास कसला. ते असताना कळलं नाही,” आगाशे म्हणाले आणि उठले. चहा नको म्हणाले. पण या वेळी उपासाचं कारण दिलं नाही, हेही काही कमी नव्हतं.

शुक्रवारी नंदाताई आणि नसीमबानूंनी मिळून गव्हल्यांची खीर केली. नसीमबानू मोरपंखी जरीच्या ओढणीत आल्या होत्या, जिन्यात आगाशांनी त्यांना “भाभी, प्रसंग काय, कपडे काय!” म्हणून झापलं होतं. त्या खीर ढवळत “असं का म्हणाले असतील?” एवढंच विचारत होत्या.

सहा वाजता गच्ची भरली. आख्खी बिल्डिंग! आणि सगळेच्या सगळे पांढऱ्या कपड्यांत. नंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी आपली रीत एवढी माहीत करून घेतली! सतरंजीवर सगळे खाली मान घालून बसले होते. मूर्तीपुढे फुलं वाहून झाल्यावर प्रत्येक जण आजूबाजूला काहीतरी शोधल्यासारखा बघत होता.

“फोटो नाही लावला?” विभावरीताईंनी कुजबुजत विचारलं.

“मूर्ती आहे ना,” नंदाताई म्हणाल्या.

आगाशे उभे राहिले. घसा साफ केला. “आज आपल्यात रामदासराव नाहीत.”

ते तर सगळ्यांना दिसतच आहे, नंदाताईंच्या मनात आलं. ते रुसून खराडीला गेलेत, हे गच्चीवर जाहीर करायची काही गरज होती का?

“त्यांचा माझा वाद होता. पण आज मी सर्वांसमोर कबूल करतो, की व्हॉल्व्हच्या बाबतीत ते म्हणत होते तेच बरोबर होतं. तो उलटाच बसवलेला आहे.”

“हे लेखी द्या,” मागून आवाज आला.

जिन्याच्या दारात, हातात पिशवी घेऊन, घामाघूम झालेले रामदासराव उभे होते. खराडीला टँकरचं पाणी येतं. त्या पाण्यावर त्यांचा राग फार दिवस टिकला नव्हता.

त्यानंतर नक्की काय काय झालं, ते नंदाताईंना पुढेही नीट जुळवता आलं नाही. विभावरीताई किंचाळल्या. आगाशे मागच्या मागे बसले ते फुलांच्या टोपलीत. कोणीतरी रामनाम सुरू केलं. रामदासराव मात्र टोपलीतल्या आगाशांपाशी जाऊन “पुन्हा म्हणा, सगळ्यांना नीट ऐकू गेलं नाही,” असा आग्रह करत राहिले.

“अहो, तुम्ही गेला होतात ना!” विभावरीताई ओरडल्या.

“खराडीला!”

“कार्ड आलं तुमचं! पांढरं, काळी रेघ, हळदकुंकवाचं बोट नाही, आणि वर कोपरा कापलेला! मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे काय आता आम्ही तुम्हाला सांगायचं? खराडीलाच सगळं उरकलं असेल म्हणालो आम्ही. वहिनी पांढऱ्या साडीत, तोंडातून शब्द नाही. काय समजायचं माणसाने?”

नसीमबानूंनी ओढणीच्या टोकातून एक पान काढलं. “पण यावर लिहिलंय की. बुद्धपौर्णिमेनिमित्त खीर. माझ्यासमोर पडलं, मी उचललं. तुमची कुठे गेली?”

सगळ्यांची पानं जिन्यात गेली होती आणि जिना झाडणाऱ्या मावशींनी ती कचऱ्यात घातली होती.

“म्हणजे,” रामदासरावांचा आवाज दुखावला होता, “कालपासून मी मेलेलो आहे, आणि मला कोणी कळवलंही नाही?”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले आणि हसणं संपलं. मृत्यू नाही म्हटल्यावर आता इथे बसायचं कारण उरलं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली, गुडघ्यांवर हात टेकवू लागली. “बरं, मग निघू या,” कोणीतरी म्हणालं. “मला जरा...” दुसरं म्हणालं. नंदाताई खिरीच्या पातेल्याशेजारी उभ्या होत्या. हातात डाव होता. गेल्या वर्षीचा तो भार त्यांच्या हाताला पुन्हा जाणवू लागला.

“थांबा, थांबा,” विभावरीताई म्हणाल्या. “जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं. पण तोंड गोड केल्याशिवाय उठायचं नाही. तसंच उठलं तर बाधतं.”

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. गच्चीवर गोड म्हणावं असं एकच होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. विभावरीताईंनी क्षणभर जिन्याच्या दाराकडे, तिथून दोन मजले खाली जिथे सासूबाई होत्या त्या दिशेला, पाहिलं. मग पुढे झाल्या आणि त्यांनी वाटी धरली.

नंदाताईंनी खीर वाढली. गच्चीवर कोणी हलेना. विभावरीताईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि भुवया आक्रसल्या.

“वेलदोडा थोडा जास्त झालाय,” त्या म्हणाल्या. आणि रिकामी वाटी पुढे केली. “अजून वाढा.”

नंदाताईंना आयुष्यात खरं बोलणं कधी इतकं गोड लागलं नव्हतं. मग आगाशे आले, टोपलीतली फुलं अंगावरून झटकत. मग रांगच लागली. पातेलं तळाला गेलं; जिन्यावरून उतरवायला त्यात भारच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामदासराव व्हॉल्व्ह सुलटा करून आले होते आणि सिंहासारखे आरामखुर्चीत बसले होते. पाच वाजत आले. नंदाताईंनी चहाचं आधण ठेवलं. दोन कप काढले. तिसऱ्याशी हात घुटमळला.

“पेंडसे वहिनींची वाट बघतेस?” रामदासराव म्हणाले. “अगं, तो शब्द माझ्या मरणावरचा होता. मूळ कारणच उरलं नाही. शब्द आपोआप रद्द. खात्यात असंच असतं.”

शब्द घेतला तेव्हा आपण काही खोटं बोललो नव्हतो. पण खरंही सांगितलं नव्हतं. असा शब्द धरून ठेवावा की सोडून द्यावा, हे पंचशीलात कुठे बसतं, याचा त्यांना कालपासून उलगडा होत नव्हता. त्या दार उघडून जिन्याच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि खाली वाकून बघू लागल्या.

दुसऱ्या मजल्यावर एक कडी अगदी हळू, आवाज न होईल अशी निघाली. विभावरीताई बाहेर आल्या. दार त्यांनी तितकंच हळू ओढून घेतलं. आत कोणीतरी खाकरलं, तशा त्या जागच्या जागी थबकल्या. मग वाकून त्यांनी पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या, दुसऱ्या हाताने साडीच्या निऱ्या उचलल्या, आणि एकेक पायरी चाचपत त्या वर यायला निघाल्या.